तात्यांचा अर्धा घाम

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. डॉक्टरकीचं एकच वर्ष झालंय, तरी लिहायला बसलोय. चुकलं तर माफ करा.

दुष्काळात सुट्टीवर गावी गेलो, तर दूध सोसायटीत माप घेणाऱ्या माझ्या चुलत्यांच्या, तात्यांच्या, उजव्याच गालावर घाम. डावा गाल कोरडा, डावी पापणीही जरा उतरलेली.

दूध घालणारे विचारायचे, "तात्या, डावीकडं पाण्याचा टँकर न्हाई आला का?"

"तिकडं दुधाची थंड टाकी हाय बे. घाम कशाला यील?"

मी नुकतंच शिकलो होतो. एक नस छातीतून मानेत येते आणि धमनीला बिलगत डोक्यात चढते. डोळ्याची बाहुली मोठी करणं, पापणी उचलून धरणं, चेहऱ्याला घाम आणणं, ही तिची कामं. तात्यांची डावी बाहुली पाहिली; बारीक होती. छातीतली गाठही ही नस दाबू शकते, हे मात्र बोललो नाही. बीडला छातीचा फोटो काढायचा हट्ट धरून होस्टेलला परतलो आणि आठवडाभर नीट जेवलो नाही.

शेवटी तात्यांचा फोन आला. "छाती साफ हाय. औंदा चारा छावणीत बैलानं मानेत शिंग मारलं व्हतं, त्यानं नस दुखावली म्हणले डॉक्टर. लाजंपायी तुला सांगितलं न्हाई. टाकीवर उगंच आळ घेतला बघ."