आमच्या रायफलीचं वय

आमच्या घराण्यात वाघ एकच, तोही मेलेला. आजोबा, म्हणजे बाबांचे अण्णा, जंगल खात्यात कारकून होते. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाने त्यांना विलायती रायफल बक्षीस दिली आणि तिने त्यांनी नरभक्षक वाघ पाडला. ही हकिगत बाबांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलीय, की तो वाघ समोर आला तर मी मिशांवरून ओळखेन. आजोबांमागे परवाना बाबांच्या नावावर झाला, आणि दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमधून रायफल आमच्याबरोबर गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये आली, जिथे वाघालाही गेटवर एन्ट्री करूनच यावं लागेल.

यंदा आमच्या मराठी मंडळाने स्मरणिकेसाठी हा किस्सा मागितला. फोटोखाली रायफलीचं मॉडेल आणि साल हवं होतं. बाबांची ऐंशी उलटलेली. वडिलांचा वाघ एकदा छापून आलेला पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा.

“तू इंजिनिअर ना? मग शोध की!”

मी मानेसरला गाड्यांच्या सीटा करतो. पण इंजिनिअरला सगळं येतं हा समज घरात मीच पसरवलेला. चार व्हिडिओ पाहून मी जेवताना बोल्ट आणि चेंबरवर बोलू लागलो.

“अहो, आधी आमटी घ्या,” बायको म्हणाली, “चेंबर काही गार होत नाही.”

अखेर मी निकाल दिला: पहिल्या महायुद्धाआधीची, अस्सल विलायती. पुरावा? नळीच्या बुडाशी असलेला राजमुकुट. म्हणजे, तिथे मुकुट आहे असं आजोबा सांगत. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत हळदकुंकू नेमकं त्यावरच लागे, आणि पूजेचं पुसायचं नाही हा त्यांचा दंडक. इतक्या दसऱ्यांनंतर तिथे नुसतं लाल ढेकूळ उरलं होतं.

फोटोसाठी बायकोने ते खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसलं.

“अहो, या मुकुटाला तोंडं आहेत.”

“कसली तोंडं?”

“सिंहाची. तीन!”

अशोकस्तंभ! खाली साल, तेही साहेब गेल्यानंतरचं. आपल्याच सरकारी कारखान्यातली तीनशे पंधरा बोअरची रायफल. आमच्याकडे नोकरी सरकारी, घर सरकारी, दवाखाना सरकारी. बंदूक तेवढी विलायती, असा तोरा होता. तोही गेला.

बाबांनी चष्मा सरसावून साल दोनदा वाचलं. “म्हणजे साहेब नव्हताच?”

“बाबा, वाघ असेल की! आपण साल गाळू. ‘जुनी रायफल’ एवढंच छापू.”

“छे. खरं तेच जाऊ दे.” मग हळूच म्हणाले, “दिवाळीत लवंगी फुटली तरी अण्णा कानावर उशी धरायचे रे. मी दरवर्षी बघायचो, आणि तरी...”

आधी बायको हसली. तिने तोंडावर ओढणी धरली, तोवर बाबाही खुदखुदायला लागले होते.

स्मरणिकेला फोटो, मॉडेल आणि साल गेलं. लगेच संपादकांचा फोन. “अहो, वाघ राहिला! लोक वाघासाठीच पान उघडतात, यार.”

बाबांनी माझ्या हातून फोन घेतला.

“वाघ आता संरक्षित प्राणी आहे. आमच्या घराण्याकडून त्याच्या केसालाही धक्का लागलेला नाही. हवं तर हे छापा, बिल्कुल मोठ्या अक्षरात.”