रैनूभाऊचा नेम

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, अहेरीपलीकडच्या जंगलातील थोर तिरंदाज श्री. रैनूभाऊ यांचे तिन्ही तीर काल पंडुमाच्या सणाला, भर गावासमोर, एका दुधी भोपळ्याच्या आजूबाजूने निघून गेले. भोपळ्याची प्रकृती उत्तम आहे. रैनूभाऊंची नाही.

हे निवेदन मी खरोखर केलं होतं. रैनूभाऊच्या गावी मुक्काम करणाऱ्या गाडीवर मी तेव्हा कंडक्टर होतो. सकाळी गाडीच्या दारात उभा राहून, गळ्यातली बॅग सावरून, मी ते प्रवाशांना ऐकवलं. एरवी अशा गोष्टीवर गाडी हलेपर्यंत लोक हसले असते. त्या दिवशी कुणाचा दात दिसला नाही. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मला हळूच सांगितलं, "कंडक्टरभाऊ, असं बोलू नाई. त्याले वाईट वाटन."

रैनूभाऊला वाईट वाटतं, ही बातमीच मला नवी होती. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत, केसांना मोहाच्या बियांचं तेल चोपडलेलं आणि त्यात लाकडी फणी खोचलेली, असा तो गावातून चालायचा तेव्हा गाव आपल्या मागून चालतंय असं त्याला वाटायचं. खांद्याला बांबूचा तीरकमठा, त्याची दोरीही बांबूच्या सालीची. "माह्या तीराले रस्ता पुसा लागत नाई," असं तो ओळख होण्याआधीच सांगून टाकी. कधीमधी नेम चुकलाच तर गुन्हेगार तयार असे. वारा, ऊन, समोरचं कुत्रं. एकदा तर मीच. "तुह्या गाडीनं भोंगा वाजवला, तीर दचकला ना!"

त्या गावाची रीत अशी की पेरणीआधीच्या सणाला, म्हणजे पंडुमाला, मोहाच्या फांदीला दुधी भोपळा टांगायचा आणि तो तीराने पाडायचा. भोपळा पडल्याशिवाय बियाण्याच्या टोपलीला कुणी हात लावायचा नाही. हा मान वर्षानुवर्षं रैनूभाऊचा. आणि रीतीचा दुसरा भाग मला जास्त आवडायचा: तो दोरी ताणू लागला की त्याच्या सासरच्या लोकांनी त्याला शिव्या घालायच्या. मनापासून, चढाओढीने. यात पहिला नंबर त्याच्या धाकट्या मेव्हणीचा, जानोचा. ती त्याच गावात दिलेली होती आणि बहिणीचा नवरा म्हणून त्याला भाटवा म्हणायची.

"भाटव्या, भोपळा वरती हाय! खाली तुही सासू बसून हाय, तिले नको मारू!"

"तुही माय माह्या तीरानं मरत नाई, तिची कातडी म्हशीची हाय," रैनूभाऊ दोरी ताणलेलीच ठेवून म्हणायचा, आणि बोलता बोलता तीर सुटायचा. भोपळा खाली. सासूबाई सगळ्यांत मोठ्याने हसायच्या.

त्या वर्षी मात्र तीन तीर गेले आणि भोपळा तसाच राहिला. मग एका म्हाताऱ्याने मोहाच्या मागून जाऊन विळ्याने देठ कापला आणि सगळं गाव एका सुरात ओरडलं, "पडला, पडला!" पेरण्या झाल्या, धानही बरं आलं. पण रैनूभाऊने तो कापलेला देठ पाहिला होता.

त्यानंतर त्याचा हातच गेला. दोरी कानापाशी यायच्या आत बोटं सुटायची. जवळचं चुकायचं, लांबचं चुकायचं. त्याने दोरी बदलली, तीरांची पिसं बदलली, उभं राहायची जागा बदलली. मी त्याला अहेरीला डोळे तपासायला नेलं, त्याचं तिकीट अभिमानाने मीच फाडलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम. रैनूभाऊ परतीच्या वाटेवर खिडकीशी बसला होता. "डोरे खराब असते त बरं झालं असतं," तो म्हणाला. "आता सांगू काय लोकायले?"

आणि लोक विचारतच नव्हते. तेच तर वाईट होतं. गाव त्याच्याशी इतकं गोड वागू लागलं की पाहणाऱ्याला मधुमेह व्हावा. तो तीरकमठा घेऊन निघाला की माणसं दुसरीकडे बघायची. जानोसुद्धा त्याला "या भाटवा, बसा" म्हणू लागली. तिच्या तोंडून असं अहोजाहो ऐकून मला कसंतरी झालं. रैनूभाऊने मला बाजूला घेऊन विचारलं, "मी मरून राह्यलो का रे? खरं सांग."

उन्हाळ्यात त्याने एक उपाय काढला. तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगापासून हातभर अंतरावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि तीर सोडायचा. समोर नेम धरायला काही नाहीच, त्यामुळे चुकायचंही काही नाही. गाडी संध्याकाळी गावात पोचली की तो मला त्या ढिगापाशीच दिसायचा. "पोट्टं असताना आज्यानं असंच शिकवलं. आंधी सोडाले शिक, मंग पाहाले." दोरी पुन्हा कानापर्यंत येऊ लागली, बोटं थांबू लागली. मीही डोळे मिटून एक तीर सोडला. तो शेजारच्या गोठ्याच्या कौलांवर गेला आणि रैनूभाऊ कित्येक महिन्यांनी हसला.

पण ढिगाला एक साधं पळसाचं पान टोचलं की संपलं. पान दिसलं की बोटं सुटली. पंडुम तोंडावर आला तेव्हा तो म्हणाला, "अवंदा नेम चुकला त तीरकमठा मोहाले टांगून देईन. मंग त्याच्याखालून कोनी जाऊ नाई, मीबी नाई." म्हणजे तीर सोडणं कायमचं बंद. त्याच्या बोलण्यात फुशारकीचा कणही नव्हता, म्हणून मी घाबरलो आणि त्या दिवसाची रजा टाकली.

पंडुमाच्या दिवशी गाव मोहाखाली जमलं, आणि सगळे गप्प. रैनूभाऊला त्रास नको म्हणून लेकरांनासुद्धा मागे धरून ठेवलेलं. पहिला तीर सुटला तो फांदीत रुतला. दुसरा भोपळ्याच्या खालून गेला. एक म्हातारा, तोच विळेवाला, हळूहळू मोहाच्या मागच्या बाजूला सरकू लागला. रैनूभाऊने ते पाहिलं. त्याने तिसरा तीर लावला.

जानोने पदर तोंडात कोंबला होता. पण तिचा स्वभाव पदरापेक्षा मोठा. म्हातारा विळा काढतोय हे दिसताच ती उसळून उभी राहिली.

"भाटव्या! त्या भोपळ्याचं लगन लागलं, त्याले पोरं झाली, तुहा तीर अजून घरून निंघून राह्यला का?"

रैनूभाऊची मान तिच्याकडे वळली. डोळ्यांत ती जुनी चमक आली. दोरी कानाला टेकली होती आणि तो उत्तर शोधत होता.

"त्या पोरायची मावशी तूच का वो?" तो म्हणाला, आणि भोपळा दोन भाग होऊन सासूबाईंच्या पुढ्यात पडला.

पुढे काय झालं ते विचारू नका. ढोल, मोहाची दारू, आणि सासरच्या प्रत्येक माणसाने वर्षभराच्या तुंबलेल्या शिव्या एका दमात मोकळ्या केल्या. रैनूभाऊ मधोमध बसून त्या प्रसादासारख्या झेलत होता. मला म्हणाला, "आता समजलं. शिवी आली का डोकं उत्तर पाहाले जाते. हात एकटा राह्यते. एकटा हात चुकत नाई. हे येडे लोक चूप बसले, आन डोकं माह्या हातावरच येऊन बसलं."

नंतर माझी वरोऱ्याला बदली झाली. सपाट रस्ता, दोन्हीकडे कपाशी, सोयाबीन, गाडी भरलेली. इथेही लोक कंडक्टरशी भांडतात, पण त्या भांडणात नातं नसतं. संध्याकाळी गाडी डेपोत लावताना मला उगाच तणसाचा वास आल्यासारखं वाटतं आणि मी आजूबाजूला बघतो. रैनूभाऊला भेटायला जायचं दर दिवाळीला ठरायचं. दरवेळी काहीतरी निघायचं.

गेल्या हिवाळ्यात निरोप आला. तापाने गेला. मी पोचलो तेव्हा त्याच्या नावाचा उंच दगड गावाबाहेर उभा करून झाला होता. त्यांच्याकडे तशी रीत आहे. दगडापाशी त्याचा तीरकमठा ठेवलेला, लाकडी फणी ठेवलेली. सगळं गाव होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. आता अगदी थकल्या होत्या. मी काहीतरी बोलावं अशा नजरेने दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर तोंडावर पोट भरणारा माणूस मी, पण नुसताच गळ्यात नसलेली बॅग सावरत राहिलो.

जानो पुढे झाली. तिने दगडावर हळद लावली, हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि त्या दगडाला एक चापट मारली.

"ऊठ ना बे भाटव्या," ती ओरडली, "काऊन चूप हायस? आता मी भांडू कोनासंग?"