आपांचं मूठभर मीठ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती आधी पोट धरून हसली असती, आणि मग — मग दोन दिवस बोलली नसती. तुम्हाला सांगतो.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. गोव्यात, डिचोलीच्या बाजारात आपांचं हॉटेल होतं, तिथे आचारी म्हणून लागलो. आपा म्हणजे आमचे मालक. माणूस सोन्यासारखा, पण प्रत्येक पातेल्यात त्यांचा डाव बुडायचाच. उंडा म्हणजे तिकडचा पाव; त्याच्याबरोबर खायचं तोणाक, म्हणजे नारळाचा रस्सा, मी कितीही जीव ओतून करावं — ते चाखणार आणि वरून काहीतरी घालणार. कधी गूळ, कधी आमसूल. घाटावरच्या माणसाच्या हातावर विश्वास कसा ठेवायचा? मला राग यायचा. फार यायचा.

मग मी मुद्दाम मीठ कमी घालायला लागलो. आपा चाखायचे, "मीठ उणें रे!" म्हणायचे, मूठभर टाकायचे आणि खूश होऊन गल्ल्यावर बसायचे. बाकी चवीला हात नाही! गिऱ्हाईक बोटं चाटायला लागलं, मी चुलीपाशी मनातल्या मनात नाचायला लागलो. फसवणूक? छे — मी तिला अक्कल म्हणत होतो.

गोवा राज्य झालं, त्या दिवशी आपा सोहळा बघायला पणजीला गेले. पहिल्यांदाच स्वयंपाकघर एकट्या माझ्यावर टाकून. बाजारात फटाके, हॉटेलात ही गर्दी — आणि मी त्या आनंदात, सवयीने, मीठ कमी घातलेलं पातेलं तसंच बाहेर पाठवलं. चाखायला होतं कोण?

संध्याकाळी आपा परतले, तरी लोक अळणी तोणाकावरून अजून चिडवत होते. नोकरी गेली, असंच वाटलं. खरं सांगून टाकावं — शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात आपाच सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक म्हजी. चाखून चाखून हांवेंच ताचो हात इबाडलो." आपल्यामुळे माझा हात बिघडला, असं त्यांना खरंच वाटलं! मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फाल्यां सावन मीठूय तूंच घाल. हांव चाखचों ना."

उद्यापासून मीठही माझ्याच हातचं, ते चाखणारसुद्धा नाहीत! मी मान हलवली.

त्यांनी शब्द पाळला. स्वयंपाकघर माझं झालं, हॉटेलचं नाव झालं, ते दिवस आठवले की आजही मन भरून येतं. आपा मात्र शेवटपर्यंत येईल त्याला हसत सांगायचे, की त्यांनी ढवळाढवळ थांबवली तेव्हा कुठे माझा हात सुधारला. मी शेजारी उभा राहून हो हो म्हणायचो.

हात कधी बिघडलाच नव्हता, आपा.