घटसर्पानंतरचे दिवस

सरोजिनी म्हात्रे वाशीच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. घर तळवलीत. नवरा गंगाराम महाप्याच्या कारखान्यात फिटर. १९७५ साली त्यांचा पाच वर्षांचा हेमंत घटसर्पाने गेला.

खरं तर घसा बरा झाला होता. ताप उतरला, पेज खाऊ लागला. मग एका सकाळी अंगणात कोंबडीमागे धावला, खाली बसला आणि उठलाच नाही. सासू जाईबाई म्हणाल्या, "तूच त्याला आंगनान सोरलास." अंगणात सोडल्याचा तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. सरोजिनीबाई रडल्या नाहीत. अर्धवट राहिलेली बी.एस्सी. पुरी केली, पुढे एम.एस्सी. केली आणि मग वाशीच्या कॉलेजात नोकरीला लागल्या.

१९८४ साली अकरावीच्या वर्गात पेशी प्रथिनं कशी बनवते, हे त्या शिकवत होत्या. "प्रथिन बनवायची कृती केंद्रकात असते. तिची नक्कल बाहेर येते. बाहेर रायबोसोम ती वाचत पुढे सरकतो आणि एकेक अमिनो आम्ल जोडत जातो. माळ पुरी झाली की प्रथिन तयार."

उरणची मेहरुन उभी राहिली. "मॅडम, तो मधेच अडकला तर?"

"घटसर्पात अडकतो. त्या जंतूचं विष रायबोसोमला पुढे सरकू देत नाही. नवीन प्रथिन बनत नाही, पेशी मरते. आधी घशातली. कधी हृदयातलीही. घसा बरा वाटला तरी."

पुस्तकात हे त्यांनी एम.एस्सी.लाच वाचलं होतं. मोठ्याने पहिल्यांदाच बोलल्या. आत काहीतरी होईल म्हणून त्या क्षणभर थांबल्या. काही झालं नाही. "लिहून घ्या," म्हणाल्या.

संध्याकाळी जाईबाई ओटीवर सुका जवळा निवडत होत्या. सरोजिनीबाई शेजारी बसल्या आणि वर्गात सांगितलेलं सगळं साध्या शब्दांत सांगितलं.

जाईबाईंचे हात थांबले. "मंग त्या दिशी पोर हसत व्हता, त्यो कसा?"

"आधी बनवलेलं थोडे दिवस पुरतं, आई. त्यावर चालतं शरीर."

"नसता सोरला तं?"

"घसा बरा झाल्यावरही झोपवून ठेवायला आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. ठेवला असता तर वाचला असता का, ते मला ठाऊक नाही."

"हां," जाईबाई म्हणाल्या. जवळ्यातला कचरा बाजूला काढत म्हणाल्या, "मी बोलले ते बरोबर नाय बोलले."

सरोजिनीबाईंनी मान हलवली. आपल्याला हेच वाक्य ऐकायचं आहे, असं त्यांना नऊ वर्षं वाटत आलं होतं. आता ते ऐकलं, आणि त्याही जवळा निवडू लागल्या, इतकंच. गंगाराम पाळीवरून आला. तिघं जेवली.

पुढे दर वर्षी त्या हा धडा शिकवत राहिल्या. माळ जोडून झाली की कुणी विचारायची वाट न पाहता घटसर्पाचं सांगायच्या, लस टोचून घ्या म्हणायच्या, आणि फळा पुसायच्या.