दिलेला शब्द

शब्द दिल्याने कमी होत नाही, उलट घेणाऱ्याकडे वाढतो. मी दिलेला शब्द वाढून वीस फूट लांब झाला आणि पिरंगुटच्या चौकात फलकावर चढला.

नोकरी संपल्यावर जवळच्या रिहे गावात खोली भाड्याने घेतली ती मागच्या कळकाच्या बेटासाठी. वारा आला की ते बांबू इतके हळू बोलत की बोलणाऱ्याने गप्प बसावं. कॉलेजपासूनचा एक मित्र दर रविवारी यायचा, ओट्यावर बसून ऐकायचा. संक्रांतीनंतर एकदा त्याने विचारलं, "या आवाजाला इंग्रजीत काय म्हणतात रे?"

मी खूश झालो. म्हटलं, सुसरस. मूळ लॅटिन, अर्थ कुजबुज, गुणगुण. आपल्या 'सळसळ'सारखाच, आवाजाची नक्कल करता करता झालेला. फक्त सळसळीत वारा जरा जास्त आहे.

त्याने स्पेलिंग लिहून घेतलं. चाळीस वर्षांत माझं काही त्याने लिहून घेतल्याची ती पहिलीच वेळ.

उन्हाळ्यात फलक लागला. 'सुसरस : निसर्गाची कुजबुज. बंगल्यांचे प्लॉट.' खाली मित्राचा फोन नंबर. नकाशात कळकाच्या बेटावरून रस्ता गेला होता.

घरमालकीण काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांना विचारलं.

"तुमाला ठावं न्हाई व्हय? रस्त्याला जागा आमीच दिली. बोलणं दिवाळीतच झालं. दर ऐतवारी त्याच्यासाठीच तर येत हुते तुमचे दोस्त." मग एक खडा बाजूला टाकून, "पर त्या फलकावर सुसर कशापायी लिवलीया? हितं वढ्याला नुसती खेकडी हायेत."

मित्राला फोन केला.

"अरे, सरप्राइज द्यायचं होतं तुला. नाव तुझंच आहे की!"

"आणि बेट?"

"आवाज रेकॉर्ड करून ठेवलाय. टेन्शन घेऊ नकोस."

भूमिपूजनाला गेलो. का गेलो, ते अजून कळलेलं नाही. मित्राने भाषणात सांगितलं की हा शब्द त्याला इथल्या मातीने दिला. टाळ्या झाल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्यांनीही वाजवल्या.

मांडवाला आमच्या बेटाचे बत्तीस कळक लागले. उरलेले मांडववाल्याने टेम्पोतून नेले.