ताणावरची बाग

माझी श्रद्धा पक्की आहे असे मला वाटे, तेव्हाच ती सर्वांत कच्ची होती. आमचे हे बेलापूरजवळच्या शाळेत मास्तर. त्यांना नसलेल्या माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले आणि असलेली माणसे आमच्याकडे यायची थांबली. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराला स्किझोफ्रेनिया म्हटले. "मेंदूतल्या काही पेशी आपणहून मरत असाव्यात, असा माझा आपला अंदाज, खात्रीने कोणीच सांगू शकत नाही," म्हणत त्यांनी गोळ्या दिल्या. मी मात्र शिर्डीला नवस बोलले आणि गोळ्या बंद करून नुसती उदी देऊ लागले. दोन्ही डगरींवर हात ठेवला तर बाबा रागावतील, ही माझी अक्कल. महिनाभरात हे मला ओळखेनासे झाले. एका घरात दोघे राहून मी इतकी एकटी कधीच नव्हते.

एकाहत्तर सालच्या वैशाखात त्यांना घेऊन शिर्डीला निघाले. राहात्याला एसटी थांबली तसे हे उतरून तडक चालू लागले आणि पेरूच्या बागेत जाऊन बसले. झाडे उघडी पडलेली, खाली पानांचा खच. बांधावर बसून मी रडले. बागेतली म्हातारी तांब्या घेऊन आली. पाणी आधी यांना पाजले, मग मला.

"बाग जळाली का हो?" मी विचारले.

"न्हाई गं पोरी. पानी तोडलंय, ताणावर हाय. झाड आपलं आपन पान गाळतं, मंग बहार येतो. पन ताण लई झाला तर फांदी मरती. येळेवर पानी द्यावंच लागतं." यांच्याकडे निरखून तिने विचारले, "औषद चालू हाय का यांचं?"

मी उदीची पुडी दाखवली. ती हसली नाही. "आमी बी बाबाचंच नाव घेतो. पन झाडाला पानी सोडायला पाटाचं दारं आमालाच धरावं लागतं."

त्या दिवशी दर्शन न घेताच परतीची गाडी धरली. शिर्डी दोन कोसांवर असून मागे फिरले, याची टोचणी वाटेत लागली होती. घरी येऊन उदी लावली आणि गोळीही दिली.

आषाढात एका सकाळी मी चुलीपाशी होते. हे म्हणाले, "तू चहा घेतलास का?" कितीतरी दिवसांनी मला कोणी काही विचारले होते. पदर डोळ्यांना लावून मी दोघांसाठी आधण ठेवले.

पुढे आभार मानायला गेले तर बाग फुलली होती, पण म्हातारीला मी आठवलेच नाही. रस्त्यालगतची बाग, तिथे पाण्याला किती येत असतील. यांच्यातले वर्गाला हसवणारे मास्तरही परत आले नाहीत. गळाले ते बाबांच्या पायाशी सोडले आहे. उरले आहे त्याला गोळी मी माझ्या हाताने देते.