नाममुद्रा नसलेलं गाणं

गदगच्या जीवूबाई कट्टींनी चाळीस वर्षांत चौऱ्याऐंशी गाणी लिहिली आणि एकावरही आपलं नाव घातलं नाही. घालायचं नसतंच. गुरूने दिलेलं देवाचं नाव, ज्याला तिकडे अंकित म्हणतात, ते शेवटच्या ओळीत गुंफायचं आणि आपण बाजूला व्हायचं. जीवूबाईंचं अंकित होतं ‘गिरिवास माधव’. गाणी कॅलेंडरच्या पानांमागे लिहिलेली आणि डाळीच्या डब्यात ठेवलेली. नवरा गेल्यावर त्यांनी पदरमोड करून या गाण्यांचं पुस्तक काढलं.

छापखान्याच्या गुरुशांतप्पांनी विचारलं होतं, ‘‘अव्वा, लेखक म्हणून कुणाचं नाव घालू?’’

‘‘माझं कशाला? गाण्याच्या शेवटी मालकाचं नाव आहे की!’’

पुस्तक लेखकाच्या नावाविना निघालं. नम्रता चांगलीच, पण तिचा फायदा बहुधा शेजाऱ्याला होतो.

दोन वर्षांनी भजनी मंडळाच्या अंबक्का परगावाहून एक जाडजूड ग्रंथ घेऊन आल्या. कुणा संपादकाने जुनी पदं गोळा केली होती. त्यात जीवूबाईंची एकतीस गाणी होती आणि खाली टीप होती: ‘गिरिवास माधव’ या अंकिताचे संतकवी दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेले, चरित्र अज्ञात.

‘‘जीवक्का, तुम्ही कधीच वैकुंठाला गेलात की! आणि वर पुरुष होऊन!’’ अंबक्का म्हणाल्या. सगळ्या बायका पोट धरून हसल्या.

जीवूबाईही हसल्या. लोक गातायत ना, मग झालं, असं त्यांना मनापासून वाटलं. मग अंबक्कांनी पानं उलटून ‘नीले, इकडे पाठ कर गं, वेणी अर्धीच राहिली’ हे गाणं धरलं. मागोमाग सगळ्यांनी उचललं. शेवटी एक ओळ जास्तीची आली: ‘तुझीच इच्छा ती गोड, गिरिवास माधवा.’

जीवूबाईंच्या हातातले टाळ थांबले.

‘‘ही ओळ कुठून आली?’’

‘‘तुमच्या पुस्तकात राहिली होती ना, त्यांनी घातली. अंकिताशिवाय गाणं म्हणजे बिनमिठाचं सार,’’ अंबक्का म्हणाल्या. ‘‘आणि खाली अर्थ किती सुंदर दिलाय! नीला म्हणजे जीवात्मा.’’

जीवूबाई टाळ ठेवून घरी आल्या. नीला म्हणजे जीवात्मा नव्हता. नीला म्हणजे त्यांची सात वर्षांची, दातात फट असलेली, वेणी घालताना एक क्षण स्वस्थ न बसणारी मुलगी. तापाने गेली तिला अडतीस वर्षं झाली होती. ती गेल्यावर जीवूबाई वर्षभर देवाशी बोलल्या नाहीत. पूजा केली, नैवेद्य दाखवला, बोलल्या मात्र नाहीत. त्या वर्षी लिहिलेलं हे एकच गाणं, आणि त्यात त्यांनी देवाचं नाव मुद्दाम घातलं नव्हतं. आता गावोगावच्या बायका जीवूबाईंच्याच गाण्यातून म्हणणार होत्या, की मुलगी गेली ते गोडच झालं.

सून वैदेहीने सगळं ऐकलं आणि लॅपटॉप उघडला. ‘‘अत्त्या, हक्क लिहिल्या दिवसापासून तुमचाच आहे. पण पुस्तकावर नाव नाही, मग पुरावा काय? कॉपीराइटची नोंदणी करू. दाखला हातात आला की त्या संपादकाला लिहिता येईल, ओळ काढा म्हणून.’’

बातमी अंबक्कांपर्यंत पोचली. त्या तरातरा आल्या. ‘‘देवाच्या गाण्यांचा उतारा आपल्या नावावर चढवणार? जीवक्का, या वयात?’’

जीवूबाई शेवया मोडत होत्या. त्या रागाने जास्तच बारीक मोडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला बसल्या. वैदेहीने वाचलं, ‘‘लेखक हयात आहे का?’’

‘‘त्या ग्रंथाला विचार.’’

‘‘अत्त्या!’’

‘‘आहे म्हणावं, अजून स्वयंपाक करतेय.’’

‘‘प्रकाशक तुम्हीच, तेव्हा दुसऱ्या कुणाचं संमतीपत्र नको. आता कृतीचं नाव. सगळ्या पुस्तकाचं नाव घालते.’’

‘‘नको.’’ जीवूबाईंनी तिचा हात धरला. ‘‘त्र्याऐंशी माधवाची आहेत. त्याने सुचवली, मी लिहून घेतली. अंबक्का म्हणते ते खोटं नाही. पण हे त्याचं नाही. हे मी त्याच्यावर रागावून लिहिलंय. एवढंच माझ्या नावावर कर.’’

वैदेहीने लेखकाच्या रकान्यात ‘जीवूबाई राघवेंद्र कट्टी’ असं लिहिलं. आपलं नाव त्या गाण्याशेजारी पाहून जीवूबाईंना भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीलाजवळ कुणीतरी बसल्यासारखं वाटलं.

‘‘झालं?’’

‘‘लगेच नाही. तीस दिवस थांबावं लागतं. हे गाणं आपलं आहे असं कुणाला म्हणायचं असेल, तर तेवढ्यात हरकत घ्यायची.’’

जीवूबाई उठल्या आणि देवघरात गेल्या. दिवा नीट केला, माधवाच्या मूर्तीवरचं कालचं फूल काढलं.

‘‘ऐकलंस ना?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीस दिवस आहेत तुला. हे तुझ्या इच्छेने झालं असं म्हणायचं असेल, तर समोर येऊन सांग.’’